एक दिव्यांग, एक सोबती

"एक दिव्यांग, एक सोबती, मलकापूर."

कोल्हापूरच्या स्टँडवरून सकाळची गाडी सुटली आणि कंडक्टर आमच्या सीटशी आला, की मी तोंड उघडायच्या आत अण्णा हे बोलून मोकळे व्हायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. दिव्यांग म्हणजे मी. माझं कार्ड त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात, दोन पेनांच्या मागे असायचं. शासनानं त्या कार्डाला स्वावलंबन कार्ड असं नाव दिलं आहे. ते बाहेर काढायचं, कंडक्टरपुढे धरायचं आणि परत खिशात घालायचं, हे सगळं अण्णाच करत. माझ्या वाट्याला फक्त खिडकी यायची, आणि तिच्यातूनही मला फारसं दिसत नाही.

माझ्या डोळ्यांचा पडदा लहानपणापासून कडेकडेनं निकामी होत आला आहे. अगदी समोरचं थोडंसं दिसतं, आजूबाजूचं नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याच्या शर्टाचं एखादं बटण दिसतं, चेहरा शोधावा लागतो. उजेड कमी झाला की बटणही जातं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढचं कळायला तेवढं ठाऊक असलेलं बरं.

अण्णा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. लोक पेपरात आधी राशिभविष्य वाचतात, अण्णा आधी शासन निर्णय शोधत. कुठल्या खात्याचा जीआर निघाला, त्यात आमच्यासाठी काय आहे, कुठली कागदपत्रं लागतील, हे त्यांना तो निघण्याआधीच पाठ असायचं. माझं पहिलं प्रमाणपत्र त्यांनी काढलं तेव्हा त्यावर 'अपंग' लिहिलेलं होतं. पुढे शब्द बदलला, ते बदलून 'दिव्यांग' झालं. मग ऑनलाइन कार्ड आलं. प्रत्येक वेळी सरकारी दवाखान्याच्या रांगेत पहाटेपासून अण्णा उभे. शिष्यवृत्ती, परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, नोकरीतली राखीव जागा, सगळं त्यांनी खणून काढलं. सरकारी खिडकीवर 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' असा कारभार असतो. माझ्या बाबतीत बाप दाखवायची सोय कायम होती. अर्ज ते भरत आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारत. मी त्या फुलीवर बोट ठेवायचं आणि सही करायची. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मी स्वतः एकही अर्ज लिहिलेला नव्हता.

त्या वर्षी मला मलकापुरातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली. टेबल आवक-जावकचं. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र रजिस्टरला चढवायचं, त्याला नंबर द्यायचा आणि ज्याचं त्याच्याकडे पाठवायचं. पहिल्या दिवशी अण्णा मला सोडायला म्हणून आले आणि थांबले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शिपायानं माझ्या टेबलाशेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली. महिन्याभरात तो अण्णांना "मोठं सायेब, च्या घेणार न्हवं?" असं विचारायला लागला होता.

अण्णा पत्र वाचून दाखवत. मी ऐके. मग ते म्हणत, "दे हिकडं, तू नंबर शोधत बसशील." आणि स्वतःच रजिस्टरला चढवत. त्यांचं अक्षर सुंदर, टपोरं, जुन्या वळणाचं. तेव्हाच्या साहेबांना आनंदच झाला. एका पगारात दोन माणसं कोणाला नको असतात? कधी कधी ते फाईल घेऊन थेट अण्णांकडेच यायचे आणि टिपणी कशी लिहू म्हणून विचारायचे. मी मधे बसून दोघांचं ऐकायची. घरी आल्यावर आई विचारायची, "काय केलंस आज?" मी सांगायची, "बसले."

याची मला लाज वाटत होती का? खरं सांगायचं तर सुरुवातीला नाही. सुख वाटत होतं. माणसाला आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय फार लवकर लागते.

मग साहेबांची बदली झाली आणि मॅडम आल्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी आवक रजिस्टर मागवलं. पंधरावीस पानं उलटली आणि मला आत बोलावलं.

"हे अक्षर कोणाचं?"

मला खोटं बोलता आलं असतं, पण माझं अक्षर मोठं आणि ओळ सोडून पळणारं आहे. माझी सही शेजारीच होती. मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी माझा रजेचा कागद काढला. "तुमच्या रजा आणि तुमच्या वडिलांचे आजार एकाच तारखांना येतात. हे कसं?"

ते तसंच होतं. अण्णांना ताप आला की मी घरी. त्यांचा गुडघा सुजला की मी घरी. मला एकटीनं गाडीत बसायचं माहीतच नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रडून मोकळं होता आलं असतं. त्या म्हणाल्या, "तुमचं प्रोबेशन संपायला सहा महिने आहेत. तुम्हाला कायम करावं की नाही, याचा अहवाल मला लिहायचाय. मी जे बघेन तेच लिहीन. शासनानं ही जागा तुम्हाला दिलीये, तुमच्या वडिलांना नाही. उद्यापासून ते आत येणार नाहीत."

अण्णा बाहेरच होते. त्यांनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, मी फुकट काम करतोय. शासनाचा फायदाच हाय की!"

"शासनाचा असेल," मॅडम म्हणाल्या. "तिचा नाही."

परतीच्या गाडीत अण्णा वाघबिळाच्या घाटातली वळणं येईपर्यंत पेपर धरून बसले. मग त्यांचं सुरू झालं. बाईला जीआर माहीत नाहीत, बाई नवीन आहे, आपण वर लिहू. मी ऐकत होते. ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नव्हती, राखीव जागा काही रोज निघत नाहीत. सहा महिन्यांनी मी पुन्हा घरात, आणि अण्णा पुन्हा पेपरात जीआर शोधणार. पुढचं सगळं आयुष्य मला एका झटक्यात दिसलं, आणि एरवी मला एवढं लांबचं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही सहायक साधनं का मागितली नाहीत? दिव्यांग कर्मचाऱ्याला कार्यालयानं ती द्यायची असतात. अक्षर मोठं करणारं यंत्र, वाचून दाखवणारा संगणक. शासनाचं धोरण आहे तसं."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

संध्याकाळी घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं, "असा काही जीआर आहे का?"

अण्णा पायातली चप्पल काढत होते. म्हणाले, "हाय की."

"तुम्हाला माहीत होता?"

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलात?"

"गरज न्हवती," अण्णा म्हणाले. "मी हाय की वाचायला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा कोणीतरी मुद्दाम काखेत दाबून धरला होता. शेकडो जीआर घरी आणणाऱ्या माणसानं हा एकच आणला नव्हता. मला भयंकर राग आला. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. गाडीत शेजारी बसूनही बोलले नाही. आईनं दोघांना वेगवेगळं जेवायला वाढलं आणि म्हणाली, "बापलेक सारखेच, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं."

तिसऱ्या दिवशी मी माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज स्वतः लिहिला. जाड स्केचपेननं, एका पानावर सात ओळी. अण्णा खोलीत तीन वेळा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "विषयाच्या खाली संदर्भ घालायचा असतोय." मी कागद उलटा ठेवला. मग मी त्यांच्यापुढे हात केला आणि म्हटलं, "माझं कार्ड द्या." त्यांनी खिशातून कार्ड काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि दिलं. ते एवढं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं.

अर्ज परत आला. संदर्भ नव्हता आणि प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडलेली नव्हती. त्या दिवशी अण्णांनी भाकरी एक जास्त खाल्ली. मी दुसरा अर्ज केला, संदर्भासकट. तो वर गेला, एक स्मरणपत्र पाठवावं लागलं, तेही मीच लिहिलं. दोन महिन्यांनी यंत्र आलं.

यंत्र म्हणजे एक भिंग लावलेला पडदा आणि बोलणारा संगणक. त्यातली बाई मराठी वाचताना शोकसभेत बोलावं तशा एका सुरात वाचायची. शिक्का आला की "चित्र" म्हणायची, आणि सरकारी पत्रात शिक्के फार. पहिले काही दिवस शिपाई मुद्दाम येऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "मोठ्या सायबांचा आवाज बरा हुता." पण मी रजिस्टरला चढवलेला पहिला नंबर माझ्या वाकड्या अक्षरात होता आणि तो बरोबर होता. त्या दिवशी एकूण एकवीस पत्रं चढवली. संपायला सहा वाजले. मॅडम जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या, रजिस्टरचं पान बघितलं आणि निघून गेल्या.

अण्णा तेवढे दिवस काय करत होते? सकाळी माझ्याबरोबर गाडीत यायचे, मलकापूरच्या स्टँडवर पेपर घेऊन बसायचे आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत. कार्ड आता मी दाखवायची, पण "एक सोबती" अजून होताच. कामाचं जमत आलं होतं, रजेचं राहिलं होतं. अहवालाला तीन महिने उरले तेव्हा मी जेवताना सांगितलं, "उद्यापासून मी एकटी जाणार."

आई म्हणाली, "जाऊ दे तिला."

अण्णा पाणी प्यायले. म्हणाले, "स्टँडवर सोडतो फक्त."

कपाटाच्या वर एक पांढरी घडीची काठी पडलेली होती. कुठल्यातरी शिबिरात मिळालेली, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती, कारण धरायला अण्णांचा दंड असताना काठी लागते कुणाला! ती मी काढली. पहिल्या दिवशी मला खूप भीती वाटली. अण्णांनी खिडकीशी येऊन तीन वेळा बजावलं, पैजारवाडी, बांबवडे, मग मलकापूर. मी पुढच्या राखीव सीटवर बसले. दर दहा मिनिटांनी शेजारणीला विचारत होते, कुठे आलो? शेवटी ती म्हणाली, "बाई, मलकापूर आलं की मी तुला उचलून खाली ठेवते, पण आता झोपू दे." बांबवड्याला बाजाराचा गलका आणि पाठोपाठ गतिरोधक येतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी मी कोणालाच विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला बहुतेक एकच कंडक्टर असायचा. चौथ्या दिवशी मला तिकीट दिल्यावर तो खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"शेवटच्या सीटवर एक पावणं बसतंय. चार दिस झालं बघतोय. तुम्ही चढला की चढतंय, तुम्ही उतरला की उतरतंय. वळखीचं हायत का, का पोलिसात सांगू?"

मी विचारलं, "कसे दिसतात?"

"साठीचं असतील. डोक्याला टोपी, काखेत पेपर, खिशाला दोन पेनं. बोलत काय न्हाईत. तिकीट तेवढं गुमान फुल काढत्यात."

मी म्हटलं, "राहू द्या. ओळखीचे आहेत."

सवलत असताना अण्णांनी आयुष्यात कधी पूर्ण तिकीट काढलेलं नव्हतं. पासष्टी गाठून अर्धं तिकीट कधी लागू होतंय याची ते वाट बघत होते. आणि आता सोबती म्हटलं तर कंडक्टर माझ्याकडे बघणार, म्हणून पूर्ण तिकीट. म्हणजे सकाळी खिडकीशी मला बजावून झालं की ते मागोमाग गाडीत चढत होते आणि माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून मागे जाऊन बसत होते. मला कडेचं दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं!

माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे उठून मागे जावं आणि चारचौघांत विचारावं असं वाटलं. मी उठले नाही. कारण रागाबरोबर दुसरंही काहीतरी झालं होतं, आणि ते मला कबूल करायला हवं. माझे खांदे सैल झाले होते. मागे अण्णा आहेत म्हटल्यावर मी चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

म्हणून मी त्यांना काही बोलले नाही. ते माझ्यानंतर अर्ध्या तासानं घरी यायचे. मी विचारायची, "कुठे होता?" ते म्हणायचे, "रंकाळ्यावर बसलेलो." आई माझ्याकडे बघायची, मी ताटाकडे. बापानं चोरून यायचं आणि लेकीनं माहीत नसल्यासारखं करायचं, असं आमचं चाललं. रोज गाडीत चढताना मी मान ताठ ठेवायची, काठी नीट टेकवायची. मागे बसलेल्या माणसाला दिसावं म्हणून. पावसाळा संपला, दिवाळी झाली. त्या तीन महिन्यांत मी एकही रजा घेतली नाही.

मग अहवाल गेला आणि आदेश आला. मॅडमनी मला बोलावलं नाही, पत्र नेहमीसारखं आवकच्या ट्रेमध्ये टाकलं. मी ते यंत्राखाली धरलं. शोकसभेच्या सुरात त्या बाईनं वाचलं, की मला कायम करण्यात येत आहे, कार्य समाधानकारक आणि स्वतंत्रपणे केल्याचं नमूद आहे. मी ते चार वेळा वाचून घेतलं. मग रजिस्टरला चढवलं, कारण तेही एक आलेलं पत्रच होतं. ओळ नेहमीपेक्षा जास्तच पळाली.

संध्याकाळी गाडीत बसले तेव्हा प्रत पर्समध्ये होती. मला घरापर्यंत धीर निघेना. म्हटलं, आता कसलं नाटक? कंडक्टर आला तसं मी म्हटलं, "मागे ते पावणं बसलेत ना, त्यांना जरा पुढे बोलवा. म्हणावं, मुलगी बोलावतेय."

"कुठलं पावणं?"

"टोपीवाले. दोन पेनं."

"ते व्हय?" कंडक्टर म्हणाला. "ते कुठलं आता? महिना झाला की! येतच न्हाईत ते."

गाडी बांबवड्याच्या पुढे आली होती, बाहेर अंधारून आलं होतं आणि मला काहीही दिसत नव्हतं. महिनाभर माझ्या मागे कोणी नव्हतं. रोज ज्यांच्यासाठी मान ताठ ठेवली ते गाडीतच नव्हते. मी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली. वाघबिळाची वळणं आली आणि गेली. मग माझ्या लक्षात आलं की वळणं मी मोजत होते, आणि बरोबर मोजत होते. मी दांडी सोडली.

घरी पोहोचले. अर्ध्या तासानं अण्णा आले, म्हणजे आता खरोखरच रंकाळ्यावरून. मी त्यांच्या हातात आदेश दिला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला, जावक क्रमांक तपासला आणि म्हणाले, "तारीख बरोबर हाय."

मी विचारलं, "गाडीत यायचं कधी सोडलंत?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. कागदाची घडी घातली. "दिवाळीच्या फराळाला बसायच्या आधी. तुला कुणी सांगितलं?"

"का सोडलंत?"

"तुझ्याकडं एक म्हातारी आलती, मलकापूर स्टँडवर. डोक्यावर गठुळं. तिला पेठ वडगावला जायचं हुतं. तू तिला सांगितलंस, थेट गाडी न्हाय, आधी कोल्हापूर गाठा. शेजारी बसवून घेतलीस. कोल्हापुरात उतरल्यावर काठी टेकत टेकत तिला वडगावच्या फलाटावर नेऊन सोडलीस आणि निघालीस घराकडं. मी आपला तिथंच हुबा." अण्णांनी चष्मा काढला आणि तो खिशात घालायला त्यांना जरा वेळ लागला. "बरोबर फलाट हुता. मी जाऊन बघितला. मग म्हटलं, उगंच फुल तिकीट कशाला काढायचं?"

एवढं बोलून ते आत गेले आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

मी त्या म्हातारीला पुष्कळ आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. स्टँडवर रोज कोणी ना कोणी मला गाडी विचारतंच.